आवाज राजसचाच होता

गाडीनं दिवे मिचकावले, चारही दारांतून खट्ट असा आवाज आला, आणि बापूंच्या हातातली किल्ली नुसतं खेळणं होऊन बसली. दाबली, पुन्हा दाबली. गाडी काही ओळख देईना.

सिद्धवटाच्या तीर्थाबाहेर वैशाखाचं ऊन कडकडीत तापलं होतं. गाडीच्या आत होता पिंडाचा भात, तीळ, दर्भ, बापूंचं धोतर आणि वडाला घालायचं दूध. आज उषाचं श्राद्ध. बायकोला जाऊन चार वर्षं झाली. गुरुजी वडाखाली ताटकळले होते, आणि त्यांचे पुढचे यजमान रांगेत बसून होते.

"मी म्हटलं, दूध नासेल, गार ठेव," थोरली बहीण दुर्गाताई पदरानं वारा घेत म्हणाली. "गाडीला कुलूप घाल, असं कुठं म्हटलं होतं?"

बापूंनी तरी काय केलं होतं! मुलानं शिकवलं होतं, तसा उतरल्यावर फोनवरून गाडीतला एसी लावायला गेले. पासवर्ड चुकला. पुन्हा घातला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा गाडीनं ठरवूनच टाकलं, की हा मालक नव्हे, चोर आहे. फोनवर लाल अक्षरं उमटली: संशयास्पद प्रयत्न, वाहन बंद.

गुरुजी बाहेर आले. "दादा, सामान यहीं मिल जाएगा. चलो."

"पंडितजी, भात मैं सोवळे में राँधकर लाई हूँ," दुर्गाताई म्हणाली. "उषा बाजार का नहीं खाती थी."

गुरुजी कपाळाला हात लावून आत गेले. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. बापूंनी स्पीकर लावला.

"बाबा, मी राजस. तुमच्या गाडीशी कुणीतरी खेळतंय, मला मेल आलाय."

"आम्हीच होतो रे ते. पण हा नंबर कुणाचा?"

"ऑफिसचा. आमच्या लॅबमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, सांगितलं होतं ना? हे बघा, तुमच्या फोनवर आत्ता ओटीपी आला असेल. तो सांगा, मी इथून उघडतो."

ओटीपी आला होता. बापूंनी मात्र तो वाचायचं टाळलं. राजसचं पुण्यातलं कामच हे, वाऱ्यावरून येणाऱ्या चोरांपासून गाड्या राखायच्या. ही गाडी दिली तेव्हा त्यानंच बापूंकडून वदवून घेतलं होतं, 'मी मागितला तरी ओटीपी द्यायचा नाही. आवाज माझा असला तरी नाही. चोर आता आवाजही चोरतात, बाबा.' आणि फ्रीगंजमधल्या ओळखीच्या भय्यासाहेबांचं तर ताजंच होतं. मुलीच्या आवाजात फोन आला, त्यांनी आकडे सांगितले, आणि दारातली नवी गाडी कुणीतरी उघडून घेऊन गेलं.

"तूच म्हणाला होतास, तुलाही द्यायचा नाही," बापू म्हणाले.

"अहो, पण हा मीच आहे ना!"

"मग चोर काय मी चोर आहे म्हणेल?" दुर्गाताईनं फोनकडे तोंड करून विचारलं.

"आत्या, तू पण?"

आवाज राजसचाच. आत्या म्हणतानाचा तो लाडाचा हेलही त्याचाच. पण आवाज चोरायचा तर हेल का सोडतील? बापूंचं मन जात्यासारखं गरगरू लागलं. दाणा कुठला, कोंडा कुठला, काही कळेना. ओटीपी द्यावा तर गाडी जाते. न द्यावा तर उषा उपाशी राहते.

"तुझ्या आईचं माहेर?" बापूंनी विचारलं.

"देवास."

"ते फेसबुकवर आहे," दुर्गाताई पुटपुटली.

"लहानपणी तू पडलास, ते कुठे?"

"रामघाटाच्या पायरीवर. हनुवटीला टाके पडले."

"ती खूण फोटोत दिसते," दुर्गाताई म्हणाली. "आजकाल सगळं दिसतं."

"बाबा, मला मीटिंग आहे हो. ओटीपी जुना होऊन जाईल."

बापूंनी घाम पुसला. वडाखालून गुरुजी हातानं खुणावत होते, या लवकर.

"बरं, एवढंच सांग. आज काय आहे?"

"गुरुवार."

"ते कॅलेंडर सांगतं. आपल्या घरात आज काय आहे?"

पलीकडे कुणीतरी पेन टेबलावर आपटत असल्याचा बारीक आवाज येत राहिला.

"तुमचा वाढदिवस? नाही, तो पावसाळ्यात असतो. आत्याचं काही आहे का? बाबा, कोडी काय घालताय भर कामात?"

"सांग ना."

"नाही आठवत. खरंच नाही आठवत."

"बघ!" दुर्गाताईनं बापूंचं मनगट धरलं. "म्हटलं नव्हतं? ठेव, आधी फोन ठेव तो."

बापूंनी फोन ठेवला नाही. मग स्क्रीनवरचे आकडे त्यांनी वाचून दाखवले, एकेक करून, जपमाळेचा मणी सोडावा तसे.

खट्ट. चारही दारं मोकळी झाली.

दुर्गाताई कधी गाडीकडे बघे, कधी भावाकडे. "अरे, त्याला काही सांगता आलं नाही, आणि तू आकडे देऊन बसलास?"

बापूंनी मागच्या सीटवरून दुधाची बरणी उचलली. झाकण काढून वास घेतला. दूध अजून बरं होतं.

"चोर असता, ताई," ते म्हणाले, "तर तिथी पाठ करून आला असता."