कानात कापूस

बन्सीलालशेठनी स्टीलचा डबा संघपालच्या पाठीमागे फरशीवर टाकला.

तळपायांना हादरा कळला. दुसरीकडे कुठे असता तर संघपाल लगेच वळला असता. ऐकू येतं असं भासवायची त्याला सवयच होती. पण शेठना कामाला बहिराच माणूस हवा होता. तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. शेजारी बसलेली त्याची बहीण मृणाली मात्र दचकली.

शेठनी अपंगत्वाचा दाखला पुन्हा वाचला. आजवर हा दाखला लोकांनी टेबलावरून परत सरकवला होता. जळगावच्या कपड्यांच्या दुकानात म्हणाले, गिऱ्हाइकाने काय मागितलं ते याला कसं कळणार. एका शाळेत शिपाई हवा होता, तिथे म्हणाले, याला घंटा ऐकू येणार नाही. घंटा वाजवायची तर यालाच आहे, असं मृणालीने सांगून पाहिलं. एका गोदामात त्याने दाखला दाखवलाच नाही. जो जे बोलेल त्याला मान डोलावली. मग एक दिवस मागून टेम्पो हॉर्न वाजवत आला आणि तो वाटेतून हललाच नाही. त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं.

सगळीकडे लोक मृणालीशीच बोलायचे, जणू तो खुर्चीत नव्हताच.

शेठ मात्र त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलले. "जन्मापासून ऐकू येत नाही?"

ओठ वाचून संघपाल म्हणाला, "लहानपणी मोठा ताप आला होता. तेव्हापासून."

"मग आवाज कसा असतो ते आठवत असेल."

"एकच आठवतो. आईचा."

संध्याकाळी तो खेळायला गेलेला असला की आई दारातून हाक मारायची, "संघा, आठे ये रे." 'इकडे ये' म्हणणारी ती अहिराणी हाक आली की तो घराकडे पळत सुटायचा. बाकीचे आवाज केव्हाच पुसून गेले होते. आता कुठे असते आई, असं शेठनी विचारलं. कोरोनाच्या साली गेली, असं मृणालीने सांगितलं.

मग शेठनी काम सांगितलं. एरंडोलहून पारोळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगाम संपला होता, यंत्रं बंद होती, पण एका गोदामात कापसाचा ढीग पडून होता. उन्हाळ्यात कापसाला आगीची भीती. दिवसभर दाराशी बसायचं, धूर दिसला तर फोन करायचा. आत पाऊल टाकायचं नाही.

"आणि कधी काही ऐकू आलं, तर मला सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही."

संघपालला हसू आलं. ऐकू आलं म्हणून जाणारी नोकरी त्याने पहिल्यांदाच पाहिली.

शेठनी दोघांना गोदाम दाखवलं. कापसावर चपला घालून कोणी चढत नाही, सगळेच दाराशी काढतात. तशा तिथे चपला होत्या, वेगवेगळ्या मापांच्या, धुळीने भरलेल्या. त्यात लाल पट्ट्याची बाईची एक जोडी होती.

या कुणाच्या, असं त्याने विचारलं.

"आधीच्या राखणदारांच्या. विसरून गेले. शेवटचा चिंधा नावाचा होता, तोही तसाच न सांगता गेला."

शेठच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. यंत्रं चालू असली की सगळेच घालतात, हे संघपालला ठाऊक होतं. पण पायाखालची जमीन आज अगदी स्थिर होती. त्याने विचारलं नाही. जास्त विचारलं की नोकरी जाते.

रस्त्यावर आल्यावर मृणालीने त्याचा हात धरून त्याला आपल्याकडे वळवलं. "भाऊ, मला ही जागा बरी नाही वाटत."

"देवपूरला जायचं ना तुला?"

देवपूरच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. प्रवेश घ्यायची मुदत या आठवड्यात संपत होती. ती ब्लाउज शिवायची, त्यावर घर चालायचं. भाऊ कामाला लागल्याशिवाय जाणार नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत संघपाल कामावर गेला. दाराशी लोखंडी खुर्ची होती. आत छतापर्यंत पांढरा ढीग. वारा नव्हता, तरी वरून एखादा पुंजका सुटायचा आणि घरंगळत दारापर्यंत यायचा. तो ढिगाकडे बघत बसला.

शेठ आले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. संघपाल खुर्चीतच होता. जेवणाचा डबा उघडलेला नव्हता. चपला पायात होत्या, आणि उजवा घोटा सुतळीने दाराच्या कडीला बांधलेला होता. सुतळी कातडीत रुतली होती.

शेठनी बोटाने विचारलं, हे काय.

"डुलकी लागली तर खुर्चीतून पडायला नको म्हणून."

शेठ पहिल्यांदा हसले. मग त्याच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "काही ऐकू आलं?"

जन्मभर न ऐकलेल्याला हो म्हणत आलेल्या संघपालने मान हलवली. नाही.

"मग उद्यापासून रोज ये. नोकरी पक्की."

संघपालने सुतळी सोडली. फोन काढून मृणालीला लिहिलं, प्रवेश घेऊन टाक. डबा उचलून तो फाटकाकडे निघाला. शेठनी कानातला कापूस बोटाने आणखी आत दाबला आणि त्याच्या पाठीकडे रोखून बघत राहिले.

"संघा, आठे ये रे," ढिगातून आईने पुन्हा हाक मारली, आणि दुपारभर खुर्चीतून उठला नव्हता तसाच संघपाल आताही वळला नाही.