पंधरावं नाव

"चौदाच भरतात," यादीवरून बोट फिरवत रामराव म्हणाले. "पंधरा सांगितले होते."

करिष्मानं यादी आपल्याकडे ओढली. काल संध्याकाळी पंधरा होते. आज शिवमच्या नावावर आडवी रेघ.

"त्याचा बाप सकाळीच येऊन गेला. पोरगं अकोल्याले चाललं, क्लासले. नाव आपल्या कॉलेजात, अभ्यास तिथं. गणित सोडून बायलॉजी घेतली त्यानं."

"पण त्यानं सही केली होती, सर!"

"सहीचं काय घेऊन बसली? तू बी भूगोल घे. मार्क पडतात, डोक्याले ताप नाही."

अकरावीचे विषय ठरवायचा आजचा शेवटचा दिवस. पंधरा पोरं झाली तरच गणिताची तुकडी. तीन आठवडे करिष्मा दारोदार फिरली होती. एकाला जर्नलच्या आकृत्या काढून द्यायचं कबूल केलं, एकीच्या आजीला दोन तास समजावलं, वरवट बकालच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका पोराची सही तर तराजूवर कागद ठेवून घेतली.

"भूगोलावर इंजिनिअरिंग होत नाही, सर."

"कायचं इंजिनिअरिंग?"

"सिव्हिल. पाण्याचं." तिनं टेबलावरच्या ग्लासाकडे बोट केलं. "गावचं पाणी खारं हाय, म्हणून तुम्ही हे जारचं पेता ना?"

रामरावांनी ग्लास उचलून फायलींमागं ठेवला. ते या ऑफिसात वीस वर्षं कारकून होते. असे प्रश्न त्यांना आवडत नसत. "चौदा पोराईसाठी मास्तर ठेवत नाही संस्था. मी काय करू? आज चौदाले हो म्हनलं, त उद्या तेरा घेऊन येशीन."

"एकच त कमी हाय!"

तिचा आवाज फाटला. रडू येतंय याचाच तिला जास्त राग आला. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि यादी पुन्हा पहिल्यापासून मोजली. चौदाच.

दाराजवळच्या बाकावरून तिची आई उठली. जयमाला सप्ताहातल्या काकड्याहून तशीच आली होती. पिशवीतले टाळ किणकिणले.

"दादा, कीर्तनात मांगची रांग भरली नाही त काय करतात? ऐकनाऱ्यातलंच कोनी उठते, टाळ घेते अन् उभं राह्यते. काल मीच उभी राह्यली."

"ते देवाचं काम हाय, ताई. इथं दहावी पास लागते."

"मी हाव ना दहावी पास."

रामराव हसले. "बरं! अन् गणितात किती होते?"

"एकशे अठरा. दीडशेपैकी."

करिष्मानं वळून पाहिलं. रोजचं वाणसामान, शेतातल्या मजुरांचे दिवस, सगळं आई बोटांवर धरायची. हा आकडा मात्र घरात कधी निघाला नव्हता.

"मंग पुढं काऊन नाही शिकल्या?" रामरावांचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

"नाव टाकलं होतं ना सायन्सले. दहा पोरं पाह्यजे होते. नऊ झाले." जयमालानं पिशवी खाली ठेवली. "बाबा म्हणाले, पुढच्या सालाले पाहू. पुढच्या सालाले लग्न पाह्यलं."



तिनं करिष्माच्या हातातून पेन घेतलं. शिवमच्या नावावरच्या रेघेखाली, दहावीतल्या पोरीसारख्या गोल, सुट्या अक्षरांत लिहिलं: जयमाला शेषराव. अक्षरांच्या माथ्यावर एकसारखी शिरोरेघ ओढली आणि यादी रामरावांपुढे सरकवली.

"आई, काय करून राह्यली तू?" करिष्मा कुजबुजली.

जयमालानं तिच्याकडे पाहिलं नाही. रामरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव तिथंच होतं.

"पह्यला तास कितीचा हाय, दादा?" ती म्हणाली. "त्या हिशेबानं वावरात निंदनाले जातो."