चौकटीबाहेरचा आवाज

घरातले सगळे फोटो आईनेच काढले होते, त्यामुळे आई एकाही फोटोत नव्हती. पण हल्ली फोटोच्या कागदात मुरलेला त्या क्षणाचा आवाजही स्कॅनर उचलायला लागला होता, म्हणून आई गेल्यावर दिगंबरने अख्खा अल्बम आपल्या दुकानात आणला. कागद आवाज एकदाच सोडतो आणि मग कायमचा मुका होतो, हे तो गिऱ्हाइकांना रोज बजावून सांगायचा.

सगळे फोटो स्कॅन करून झाल्यावर त्याने धाकट्या बहिणीला, वत्सलेला, बोलावून घेतलं. संगणकावर त्याने पहिला फोटो लावला, तो पन्हाळ्याचा होता. आधी नुसता वारा वाहिला, मग अण्णांचा, त्यांच्या वडिलांचा, आवाज आला.

"अगं, हसतोय की. आता काय दात मोजणार आहेस?"

"दादा, यात आई कुठाय?" वत्सलेने विचारलं.

त्याने पुढचे फोटो लावून पाहिले. प्रत्येकात अण्णा कुणाला तरी उत्तर देत होते.

दिगंबरने सेटिंग उघडलं. 'चौकटीबाहेरचा आवाज वगळा' या पर्यायापुढे खूण होती. लग्नाच्या फोटोंत बँडचा गोंगाट नको म्हणून ती त्यानेच कायमची करून ठेवली होती. अल्बम स्कॅन करताना ती काढायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

वत्सलेने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली, "पन्हाळ्याचा परत लाव."

वारा सुरू झाला, तशी ती हळूच म्हणाली, "अहो, हसा की जरा."

तिचा आवाज आईसारखा मुळीच नव्हता. तरी अण्णांनी उत्तर दिलं.