एकोणतीसचा पाढा

"घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणायचे धंदे आहेत हे!" औषधवाल्याने कप इतक्या जोरात आपटला की निम्मा चहा बशीत सांडला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पर्समधून कागदी रुमाल काढून आधी टेबल पुसलं, मग आपली बोटं एकेक करून पुसली. चहाचं काही नव्हतं. त्यांना त्या माणसाचीच किळस आली होती. याच इसमाने परवा भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, पोटच्या पोराच्या थोबाडीत मारली होती. आणि आज हा मुलांच्या भल्याच्या बैठकीत मांडी ठोकून बसला होता.

बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरली होती. घरोघरी मुलांचे जे हाल होतात ते थांबवण्यासाठी यंदा वस्तीत एक कार्यक्रम घ्यायचा, इथवर मंडळाचं एकमत होतं. कोणता घ्यायचा, इथे घोडं अडलं होतं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर; त्यांना चौकाचौकांत फलक हवे होते. औषधवाल्याला पालकांसाठी व्याख्यान हवं होतं, तेही ज्याला यायचं त्याने यावं असं. डॉक्टरीणबाई मात्र बाहुल्यांवर अडून बसल्या होत्या. एक लाकडी घर, त्यात थोड्या बाहुल्या. मूल खेळतं, आणि शिकलेली ताई शेजारी बसून बघते.

"फलक कोण वाचणार? मारणारा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत गेल्या आठवड्यात एक पोर आलं होतं. समोरचे दात आत गेलेले, ओठ फाटलेला. बाप म्हणतो, जिन्यावरून पडला. पोर बापाकडे बघून मान हलवतंय. तोंडाने नाही सांगत मुलं. हातांनी सांगतात."

त्यांचा आवाज चढला तशी कोपऱ्यात बसलेली त्यांची लेक पुटपुटायला लागली. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

पोस्टमास्तरांचा चेहरा खुलला. "अरे वा! एवढ्याशा जिवाला एकोणतीसचा पाढा? आमची नातवंडं बाराच्या पुढे गेली की गारठतात. काय जादू केलीत?"

"जादू कसली? सवय लावावी लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं.

पोर खरोखरच गुणी होती. आल्यापासून दंगा नाही, हट्ट नाही. पाणी हवं होतं तर आधी आईकडे बघितलं, आईने मान हलवल्यावरच पेला उचलला. खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुबट वास येत होता म्हणून डॉक्टरीणबाईंनी मघाशी त्याचं दार लावलं होतं. आता पाहतात तर दार पुन्हा उघडं, आणि लेक त्याच्या शेजारी उभी. कडी धड बसत नसेल, असं म्हणून त्यांनी ते पुन्हा घट्ट लावलं. मग लेकीला हाताला धरून खुर्चीवर आणून बसवलं.

"मंडळाचा नियम विसरू नका," पोस्टमास्तर म्हणाले. गेल्या वर्षी मंडळाने आंधळेपणाने वाटलेल्या साबणाने अर्ध्या गल्लीच्या अंगावर पुरळ उठलं होतं. तेव्हापासून काहीही आधी सभासदाच्या घरी, मग वस्तीत, असं ठरलं होतं. "बाहुल्या आधी आपल्याच मुलांपुढे मांडायच्या. बोला, कोणाचं मूल?"

कोणी नखं पाहू लागलं, कोणी छत.

"तुमचा मुलगा आणा की," डॉक्टरीणबाई औषधवाल्याला म्हणाल्या.

त्याचा चेहरा पडला. "एक चापट मारली, बाई. चुकलंच माझं. दुसऱ्या दिवशी पोरासमोर कान धरले मी. म्हणून काय सगळ्यांसमोर त्याची परीक्षा घेणार?"

ज्याच्या मनात चोर असतो त्याला अशी माया फुटते, डॉक्टरीणबाईंना वाटलं. त्या गोडव्याने तर त्यांना जास्तच शिसारी आली. या लोकांची घरं एकदा उघडायलाच हवीत. आज बाहुल्यांचा ठराव हातचा गेला, तर ते फाटक्या ओठाचं पोर आणि त्याच्यासारखी आणखी कितीतरी पोरं वर्षभर जिन्यावरून पडतच राहणार.

"ठीक आहे. माझी लेक आहे ना इथेच," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे लपवायला काही नाही. मांडा बाहुल्या."

डॉक्टरीणबाईंनी सोबत आणलेल्या बाहुलीवाल्या ताईंनी टेबलावर घर मांडलं. पलंग, चूल, न्हाणी, खिडकीला खरा पडदा, भिंतीला टेकून बोटभर कपाट. ताई मऊ आवाजात म्हणाल्या, "या बाहुलीच्या घरात दिवसभर काय काय होतं, दाखवशील मला?"

लेकीने आईकडे बघितलं.

"दाखव हं, बाळ. सगळं नीट दाखव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि औषधवाल्याकडे बघून हसल्या.

आईने परवानगी दिली होती. लेक पुढे सरकली. पलंगाकडे तिने बघितलं नाही, चुलीकडेही नाही. छोटी बाहुली उचलली, कपाटात उभी केली, दार लावलं आणि बोटाने दाबून धरलं. मग मोठी बाहुली कपाटासमोर आणली, खिशातून रुमाल काढला आणि त्या बाहुलीचे हात सावकाश पुसले.

औषधवाला खुर्चीतून अर्धवट उठला होता, तो तसाच राहिला.

लेक अगदी शांतपणे, एकही शब्द न अडखळता म्हणाली, "रडायचं नाही. एकोणतीसचा पाढा पूर्ण झाला की उघडेन. चुकलीस तर पुन्हा पहिल्यापासून."