दिल्लीचं प्रस्थान

आधार कार्डांची पिशवी कुठेच नव्हती. दारात टॅक्सी उभी होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला होता, आणि वनजा तिसऱ्यांदा तीच बॅग जमिनीवर उपडी करत होती. बंगळूरहून दिल्लीचं विमान दुपारी दोनचं. मैसूरहून विमानतळ गाठायचा म्हणजे चार तास तरी हाताशी हवेत.

विमानतळावर फोनमधलं कार्ड चालेल, असं तिचा नवरा रघू म्हणत होता. पण राष्ट्रपती भवन बघायच्या परवानगीवर मूळ ओळखपत्र आणा असं लिहिलेलं होतं, आणि त्यांची बारा वर्षांची अन्विता महिनाभर त्या एका गोष्टीसाठी घरभर उड्या मारत होती. आता तिचा चेहरा रडवेला झाला होता.

सासरे जगन्नाथराव खुर्चीत बसून हा गोंधळ बघत होते. बस डेपोत टाइमकीपर म्हणून त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. स्वतः तिरुपतीच्या पलीकडे गेले नाहीत. तरी दिल्लीचे सल्ले त्यांच्याकडे ढीगभर. जाऊन आलेल्या प्रत्येकाला गाठून ते जमवलेले. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. डिसेंबरात एक जाड स्वेटर नको, दोन पातळ घाला. रिक्षात बसायच्या आधी भाव ठरवा, त्यापेक्षा मेट्रो बरी. चुकामूक झाली तर सगळ्यांनी शोधत फिरू नका, लहानानं आहे तिथंच उभं राहायचं. वनजानं हे सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं.

त्यांनीही चलावं एवढंच तिचं म्हणणं होतं. तिकिटं तिनं चार काढली होती, परवानगीही चौघांची. पण गुडघे दुखतात, तुळशीला पाणी कोण घालणार, अशी एकेक कारणं काढत म्हातारा काही हलेना. त्यांना बळजबरी कशाला करतेस, म्हणून रघू रोज तिच्याशी भांडायचा. शेवटी काल, मंगळवारी, तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की मामंजींचं तिकीट रद्द केलं. रात्री तिला जेवण गेलं नाही. जगन्नाथरावांनीही ताटात अर्धा भात तसाच ठेवला, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

“पिशवी प्रस्थानात आहे,” जगन्नाथराव अखेर म्हणाले.

सगळे थांबले. बुधवारी उत्तरेकडे प्रवासाला निघू नये, अशी त्यांच्या घरात रीत. विमान तर बुधवारचंच. म्हणून त्यांनी सोमवारी सकाळीच शेजारच्या लक्ष्मीदेवींकडे प्रस्थान ठेवलं होतं. निघणाऱ्यांच्या वस्तू तांदूळ-सुपारीबरोबर गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या, म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. एकदा वस्तू उंबऱ्याबाहेर गेली की त्या माणसानं मागे फिरायचं नाही. वनजानं त्यासाठी प्रत्येकाचा एकेक रुमाल काढून दिला होता. तो त्यांनी परत केला होता. रुमालावर कोण आत सोडतं, आता सगळीकडे कार्डावर सोडतात, असा त्यांचा हिशेब.

अन्विता धावत शेजारी गेली आणि तशीच धावत परत आली. दाराला कुलूप होतं. लक्ष्मीदेवी पहाटेच संगमावर स्नानाला टी. नरसीपूरला गेल्या होत्या, फोन लागत नव्हता. दुसरी किल्ली त्यांच्या नवऱ्याजवळ, मंडी मोहल्ल्यातल्या शिलाईच्या दुकानात. रघूनं स्कूटर काढली. पंधराव्या मिनिटाला तो परतला, मागच्या सीटवर गंगाधरराव, गळ्यात टेप तशीच लटकलेली.

सगळे त्यांच्यामागून आत घुसले. गाठोडं मी सोडतो, तुम्ही टॅक्सीत बसा, असं जगन्नाथराव मागून सांगत होते. पण त्यांच्या गुडघ्यांपेक्षा वनजा चपळ होती. अंगणात तिची पावलं क्षणभर अडली. तिच्या घरची तुळशीची कुंडी इथे, लक्ष्मीदेवींच्या अंगणात होती. ही इकडे कशी, असं तिनं विचारताच गंगाधरराव म्हणाले की सोमवारी जगन्नाथरावच आणून ठेवून गेले.

तिनं देवापुढचं गाठोडं उचललं, गाठ सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि खाली पिशवी. अन्वितानं टाळ्या वाजवल्या. वनजानं कार्डं मोजली. रघूचं, तिचं, अन्विताचं. त्यांच्याखाली आणखी एक होतं. त्यावर जगन्नाथरावांचा फोटो.

ते दारापर्यंत पोचले होते. तिच्या हातातलं कार्ड बघून त्यांनी मान वळवली.

“सोमवारी यायचं मन झालं की,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “संध्याकाळी सांगू, उद्या सांगू म्हणत होतो. तवर तू काल तिकीट रद्द करून टाकलीस. साकु, पुरे आता, जाऊ दे. तुमचा टाइम होतोय.”

वनजाला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं फोन काढून त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर चार नावं होती.

“यांचं भांडण थांबावं म्हणून खोटं बोलले, मामंजी. रद्द करायला हातच होईना. आता तुमची वस्तू प्रस्थानात गेलीय, मागं फिरता यायचं नाही. कपडे भरते मी, बेगा, लवकर चला.”

जगन्नाथरावांनी कार्ड तिच्या हातातून घेतलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि वरून दोनदा चाचपून बघितलं.

“भरायला नको,” ते म्हणाले. “सोमवारपास्नं कॉटखाली भरून ठेवलीय बॅग.”