हरवलेला चष्मा

पडद्यावरचा दुकानदार चष्मा शोधू लागला, तसा सत्काराला आलेला सोमशेखर व्यासपीठावरच्या खुर्चीत पुढे सरकला. ही मालिका इथे कोल्हापुरात दाखवायची, असे कुठे ठरले होते?

सभागृह मात्र खदखदून हसत होते. दुकानदाराने गल्ला उपसला, पोती हलवली, गिऱ्हाइकाच्या टोपीखालीही डोकावून पाहिले. चष्मा त्याच्याच कपाळावर होता.

“लंडन गाजवलंय आपल्या पोरानं!” नाट्यमंडळाचे अध्यक्ष हंबीरराव माइकवरून ओरडले. “सोमशेखर, तुला सरप्राइज म्हणून नेटवरनं हुडकून काढलंय हे!”

सोमशेखर हसला. हसणे हाच त्याचा धंदा होता.

सकाळपासून त्याला इथल्या सगळ्याचीच कीव येत होती. कुरकुरणाऱ्या पंख्यांची, प्लास्टिकच्या खुर्च्यांची, बॅनरवर ताणून बसवलेल्या स्वतःच्या फोटोची. या लोकांना नाटकातले काय कळते, असे तो बायकोला फोनवर म्हणालाही होता. खरे तर लंडनच्या रंगभूमीवर त्याने बरीच वर्षे नुसता भाला धरला. कधी राजाच्या डाव्या हाताला, कधी उजव्या. तो भाला सुटला ते टीव्हीवर या दुकानदाराची भूमिका मिळाल्यावर. मोडके इंग्रजी बोलणारा, रोज चष्मा हरवणारा बावळट. त्या बावळटाने त्याला घर दिले, बक्षिसे दिली, रस्त्यात ओळख दिली.

आणि तो बावळट या क्षणी व्यासपीठावर त्याच्या शेजारीच बसला होता.

गुरुपाद मास्तर. ऐंशी ओलांडलेले. सगळी हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेलेली. सत्काराचा फेटा त्यांच्या हातून बांधायचा होता. तो मांडीवर घेऊन ते पडद्याकडे टक लावून पाहत होते. सोमशेखरला एकच आशा होती. म्हाताऱ्याला दिसत नसावे.

पडद्यावर मुलाखत सुरू झाली. हंबीररावांचे इंग्रजी यथातथाच. मुलाखतीत ‘कोल्हापूर’ दोनदा ऐकू आले, एवढ्यावर त्यांनी ती शेवटी जोडली होती.

“हा दुकानदार तुम्हाला सापडला कुठे?” मुलाखतकार बाईने इंग्रजीत विचारले.

“कोल्हापुरात,” पडद्यावरचा सोमशेखर इंग्रजीतच म्हणाला. “आमचा इंग्रजीचा मास्तर. त्यालाच इंग्रजी येत नव्हतं. रोज वर्गात चष्मा शोधायचा आणि तो असायचा कपाळावर. कोल्हापुरात आम्हाला असले शिक्षक होते. मी फक्त नक्कल केली.”

तिकडचे प्रेक्षक टाळ्या पिटून हसले. इकडचे हसू विझले. हंबीरराव रिमोटवरची बटणे दाबत सुटले.

“अगं बया, हे आपलं मास्तर न्हवं का!” पहिल्या रांगेतल्या तानाबाई उठून उभ्या राहिल्या. त्या सोमशेखरच्याच वर्गातल्या. आता गडमुडशिंगीला दूध डेअरी चालवत होत्या.

“फेटा कशाला? पायताण बांधा त्याच्या डोसक्याला!” मागून कुणीतरी ओरडले.

मास्तरांनी हात वर केला. वर्गासारखी शांतता झाली. ते उठले आणि सोमशेखरच्या डोक्याला फेट्याचा पहिला वेढा देऊ लागले.

“मास्तर, ते... ते नुसतं कॅरेक्टर आहे,” सोमशेखर पुटपुटला.

“मान हलवू नकोस,” मास्तर स्वच्छ, सुरेख इंग्रजीत म्हणाले. मग मराठीत बोलू लागले. “आठवीत तू वर्गात तोंडच उघडत न्हवतास. कुणीच उघडत न्हवतं. इंग्रजी म्हटलं की रडकुंडीला यायचे सगळे. मग एक दिवस तू ताडकन उठून ओरडलास. काय ओरडलास?”

फेट्याचे वेढे चढत गेले.

“मी सांगू?” तानाबाई म्हणाल्या. आणि शाळकरी पोरीसारख्या खणखणीत आवाजात ओरडल्या, “सर, द स्पेक्टॅकल्स आर ऑन युवर हेड!”

मागच्या रांगांतून आणखी काही पिकल्या डोक्यांनी तेच वाक्य म्हटले.

“मराठीत सांगितलं तर मास्तरांना ऐकूच जायचं न्हाय,” तानाबाई हसत म्हणाल्या. “इंग्रजीत सांगितलं की चष्मा लगेच गावायचा.”

सोमशेखरने मान वर केली. मास्तरांनी ती बोटाने पुन्हा सरळ केली, फेट्याचे टोक नीट खोचले आणि आपले काम लांबून पाहावे तसे एक पाऊल मागे सरकले.

“नट म्हणवतोस,” ते म्हणाले, “आणि समोरचा नाटक करतोय, एवढंबी वळखलं न्हाईस? माझा चष्मा कधी हरवलाच न्हवता, सोमू.”