तयारी नसलेला प्रश्न

“हा धर्माचा प्रश्न आहे,” युनिव्हर्सिटीचे वकील म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली. “नागरी हक्कांचा जो कायदा तुम्ही दाखवताय, त्यात वंश आहे, रंग आहे, मूळ देश आहे. धर्म नाही. मिस झिराडकरांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. पण हा कायदा त्यांच्यासाठी नाही.”

टेबलाच्या अलीकडे तिघी होत्या. मधे नेओमी, सेकंड इयरची विद्यार्थिनी. डावीकडे तिची आई दीना, ओव्हरकोटही न काढता बसलेली. उजवीकडे पद्मजा, दीनाची नेपरव्हिलच्या मराठी मंडळातली मैत्रीण आणि शिकागोत नागरी हक्कांचे खटले लढवणारी वकील. डीनबाई वकिलांच्या शेजारी होत्या. २००४ सालचा डिसेंबर होता.

झिराडकर मूळचे अलिबागजवळच्या झिराडचे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. हॉस्टेलमध्ये नेओमीला सगळे हिंदूच समजत. मग ऑक्टोबरात दीना तिला भेटायला आली, घरच्या प्रार्थनेचा मलिदा घेऊन. गोड पोहे, खोबरं, फळं. रूममेटनं विचारलं, हे कशाचं? नेओमीनं सहज सांगून टाकलं.

त्यानंतर मजल्यावरची मुलं, ज्यू म्हणजे पैशाचे लोभी या जुन्या टोमण्यानं, तिच्या पायाशी नाणी फेकू लागली. ती जेवायला बसली की टेबल रिकामं व्हायचं. आणि एका सकाळी तिच्या दारावर हिटलरच्या झेंड्यावरची खूण कोरलेली दिसली. खाली शब्द होते, ‘भट्टीत जा’.

हाउसिंग ऑफिसातली बाई म्हणाली, “तू इंडियन ना? तुमच्यात तर हे चिन्ह शुभ असतं.” पुन्हा तक्रार केली तेव्हा तिला सर्वधर्म संवादाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मिळालं. त्यानंतर मिळाली लांबच्या इमारतीतली खोली. कोरणारे होते तिथेच राहिले. नेओमी बॅग भरून घरी आली आणि म्हणाली, कॉलेज सोडते. त्याच संध्याकाळी दीनानं पद्मजाला बोलावून घेतलं.

आज सकाळी गाडीत पद्मजा म्हणाली होती, “एक प्रश्न मी तुला आधी सांगणार नाही. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. विचारला की खरं बोल, बास.”

आता ती शांतपणे वळली. “नेओमी, तुझा देवावर विश्वास आहे?”

नेओमीचा चेहरा उतरला. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात दर शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावून शब्बाथची प्रार्थना व्हायची, उपास व्हायचे, आणि आई तर हाताच्या अंतरावर बसली होती. हो म्हणणं सोपं होतं. पण हो म्हटलं की वकिलांचंच म्हणणं खरं ठरणार होतं.

“नो,” ती म्हणाली. “हायस्कूलपासूनच नाही. मी प्रार्थना करत नाही. इथं आल्यापासून सिनेगॉगमध्ये पाऊलही टाकलेलं नाही.”

तिला आईकडे बघवेना.

वकील हसले. “मग तर विषयच संपला. धर्मावरून छळ झाला, असंही म्हणता येणार नाही.”

“अगदी बरोबर,” पद्मजा म्हणाली. “धर्म नाहीच. मग ते दार कशासाठी कोरलं? ती काय मानते, हे त्यांनी विचारलंच नाही. ती कुणाची मुलगी आहे एवढं कळलं, तेवढं पुरलं. याला वंश म्हणतात, सर. आणि वंशावरून छळ झाला तर तक्रार करणारा ज्यू असो, शीख असो, मुसलमान असो, आम्ही दखल घेऊ, असं केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं याच सप्टेंबरात कॉलेजांना कळवलंय. त्यांच्याकडे मी उद्या जाऊ शकते. म्हटलं, आधी तुम्हाला भेटावं.”

वकिलांनी डीनबाईंकडे पाहिलं. दोघं बाहेर गेले. परत आले तेव्हा वकिलांचा आवाज खाली आला होता. चौकशी होईल. दोषी ठरतील ते हॉस्टेलमधून बाहेर जातील. ज्यू विद्यार्थ्यांचा छळ यापुढे वांशिक छळ म्हणूनच हाताळला जाईल. मिस झिराडकरांना जुनी खोली हवी असेल तर तीही मिळेल.

“हवी,” नेओमी म्हणाली.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. पद्मजा गाडी आणायला गेली.

“आई, आय ॲम सॉरी,” नेओमी म्हणाली. “तुला असं सगळ्यांसमोर कळायला नको होतं. पद्मजामावशीनं कसं ओळखलं, आय डोन्ट नो. मी कुणालाच बोलले नव्हते.”

दीनानं तिच्या केसांवरचं बर्फ झटकलं.

“शुक्रवारी मेणबत्त्यांपुढे तू नुसते ओठ हलवतेस, ते मला केव्हाचं माहीत आहे. पद्मजाला मीच सांगितलं, हाच प्रश्न विचार, आणि मी शेजारी असताना विचार. म्हणजे यापुढे तुला घरातही ओठ हलवायला नकोत.”